घामेजलेला पाइप

मे महिन्यातली दुपार, अडीचची वेळ. किनाऱ्यावरच्या एका वायुप्रक्रिया प्रकल्पात लोखंडाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापलेलं. तरी तिथं काम करणाऱ्या काकांनी हातमोजा काढला, आठ इंची पाइपावर तळवा टेकवला आणि मला खुणेनं बोलावलं. ‘‘मॅडम, इकडं या. हा रडतोय बघा.’’

खरंच, पाइपाच्या पोटाखालून थेंब टपकत होते. शेजारचे सगळे पाइप कोरडे ठणठणीत, हा एकटाच निथळलेला. वर एक व्हॉल्व्ह, पलीकडं फ्लेअरकडं, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीकडं, जाणारी मोठी वाहिनी. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर हाच व्हॉल्व्ह पूर्ण बंद दिसत होता. शून्य टक्के. सकाळी मी तसं वहीत लिहूनही घेतलं होतं.

बंद व्हॉल्व्हचा पाइप रडत नाही. आत त्याची बैठक झिजली होती आणि साठेक बार दाबाखालचा वायू त्या फटीतून जवळजवळ बिनदाबाच्या वाहिनीत निसटत होता. दाब असा एकाएकी उतरला की नैसर्गिक वायू गार होतो, ढोबळमानानं एका बारला अर्धा अंश. समुद्रावरच्या दमट हवेला एवढा गारवा पुरतो. पाइपाला टेकली की ती पाणी सोडते. काकांनी पुढं अशी पुस्ती जोडली, की हिवाळ्यात पहाटे सगळेच पाइप ओले असतात, तेव्हा ही परीक्षा फसते. फिरायचं ते भर दुपारी. मी माझं ध्वनिलहरी टिपणारं यंत्र व्हॉल्व्हला लावलं. कानात बारीक शीळ आली. यंत्राचं आणि तळव्याचं एकमत झालं, एवढंच.

ऊर्जा लेखापरीक्षण हा माझा पेशा. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानं त्याला अधिकृत स्थान दिलं. साखर कारखाने, सूतगिरण्या, डेअऱ्या यांत माझी बरीच वर्षं गेली. तिथं मालक वीजबिल टेबलावर ठेवतो आणि विचारतो, यातले किती वाचतील ते सांगा. वायुप्रक्रिया प्रकल्पात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बिलाची वाट पाहत बसले. बिल आलंच नाही, कारण ते नव्हतंच. का, ते कळायला वायूचा प्रवास पाहावा लागतो.

मुंबई हायचा शोध १९७४चा, उत्पादन १९७६पासूनचं. तिथला वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून उरणला येतो. वसईच्या समुद्रातला, हायड्रोजन सल्फाइड असलेला ‘सावर’ गॅस गुजरातेत हजिऱ्याला जातो. जमिनीवर आलेला वायू तसाच विकता येत नाही. त्यातलं पाणी काढायचं, आम्लधर्मी वायू अमाइनच्या द्रावणानं धुऊन काढायचे, मग शून्याच्या खूप खाली गार करून प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळे करायचे. आपल्या ओट्याखालच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात असतं ते हेच. या सगळ्याला उष्णता लागते, दाब लागतो, आणि दोन्ही त्याच वायूतून मिळवतात. वाहिनीतून थोडा बाजूला काढायचा आणि टर्बाइनमध्ये, भट्टीत जाळायचा. तळं राखील तो पाणी चाखील, या न्यायानं. विक्रीच्या मीटरवर गिऱ्हाइकाचा आणि सरकारचा डोळा असतो. स्वतः जाळलेल्या वायूचा मीटर मात्र एका ठिकाणी मला धुळीनं इतका माखलेला मिळाला, की आकडा वाचायला चिंधी मागावी लागली.

ऊर्जेच्या नासाडीचं खापर जुन्या यंत्रांवर फोडतात. मला ते पटत नाही. ज्याचं बिल येत नाही ते वाचवायला कोणी उठत नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण भीती, आणि ती मला रात्रपाळीत बसल्यावर कळली.

कॉम्प्रेसरला ठरावीक मापापेक्षा कमी वायू मिळाला की तो ‘सर्ज’ करतो. आतला वायू उलटा धावतो, यंत्र थरथरतं, बेअरिंगं जातात. म्हणून दाबलेला थोडा वायू मागं आणून पुन्हा त्याच्याच तोंडी घालायची वाट ठेवलेली असते. वायुक्षेत्र म्हातारं झालं की आवक घटते, पण यंत्रं घेतलेली असतात भरभराटीच्या काळात. मग दोन कॉम्प्रेसर अर्ध्यापोटी चालतात आणि दोघांचेही रिसायकल व्हॉल्व्ह उघडे राहतात. तोच वायू दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. एक बंद केला तर दुसऱ्यावर निभावतं, हे कागदावर सगळ्यांना पटतं. मी तसं सुचवलं, तेव्हा पाळीप्रमुख शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचा अहवाल शुक्रवारी जाईल. रात्री तीनला मशीन ट्रिप झालं तर फोन मला येतो.’’

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकतही नव्हतं. चालू कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तर येणारा वायू थेट फ्लेअरवर जातो, आणि कित्येक दिवसांची बचत रात्रीत जळून जाते. तेव्हापासून मी नुसतं ‘एक यंत्र बंद करा’ असं लिहीत नाही. आधी सर्जचं नियंत्रण नीट जुळवा, राखीव यंत्र किती मिनिटांत उठतं ते त्यांच्या देखत तपासा, मग बंद करा.

अमाइनचंही तेच. वायूत कार्बन डायॉक्साइड कमी झाला तरी द्रावण पूर्वीच्याच जोमानं फिरवत ठेवतात, ‘असू दे जरा जास्त’ म्हणून. ते पुन्हा शुद्ध करायला रिबॉयलरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक लिटरला फुकटची वाफ.

भट्टीचं काम त्या मानानं सोपं. धुरातला ऑक्सिजन मोजायचा. तीन टक्क्यांच्या आसपास असला तर ठीक. सात-आठ निघाला तर आपण बाहेरची हवा तापवून चिमणीतून पाठवतोय. चिमणीच्या धुराचं तापमान २२ अंशांनी उतरलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, हा आमच्या धंद्यातला पाठ हिशेब. गॅस टर्बाइनच्या शेपटाकडून पाचेकशे अंशांचा धूर निघतो. तो तसाच आभाळात सोडणं म्हणजे पातेलं उतरवून शेगडी पेटती ठेवणं. त्यावर वाफ करता येते, आणि जिथं करतात तिथं वेगळा बॉयलर पेटवायची गरज कमी पडते.

धूर दिसतो तरी. मिथेन दिसत नाही, आणि वाहिनीत तर त्याला वासही नसतो. त्यासाठीचा इन्फ्रारेड कॅमेरा आत न्यायला वेगळं ‘हॉट वर्क’ परमिट लागतं. मोबाइल, काडेपेटी सगळं गेटवर ठेवलेलं असतं, मग बॅटरीवरचा कॅमेरा असाच कसा सोडतील? कॅमेऱ्यातून फ्लँजकडं, म्हणजे पाइपांच्या जोडाकडं, पाहिलं आणि नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हवेत काळपट वाफ वळवळताना दिसली की पोटात गोळा येतो. कॉम्प्रेसरचे जुने, तेलाचे सील मिनिटाला ४० ते २०० घनफूट वायू सोडू शकतात. कोरड्या सीलचं प्रमाण जेमतेम काही घनफूट. एक किलो मिथेन जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायॉक्साइड होतो. न जाळता सोडला तर १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे ३० पट आणि २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून जास्त तापवतो. म्हणून फ्लेअर ही सोडण्यापेक्षा बरी. पण फ्लेअर सगळं जाळते हेही गृहीत धरू नये. नेहमी ९८ टक्के धरतात. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानं फिरवून केलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सुमारे ९१ भरलं.

फ्लेअरचा वायू परत घेता येतो. ओएनजीसीनं उरण आणि हजिऱ्याला तशी कामं केली आणि ती क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदवली. एक गोष्ट मात्र कुठलीही बचत सोडवत नाही: अमाइननं वायूतून धुऊन काढलेला कार्बन डायॉक्साइड. तो जमिनीच्या पोटातून आलेला असतो, आणि पकडून पुन्हा पोटात घातला नाही तर हवेतच जातो. अहवालात ही ओळ मी घालते. वाचणारे ती ओलांडून पुढं जातात.

त्या दिवशी काकांबरोबर मी संध्याकाळपर्यंत फिरले. फ्लेअरच्या वाहिनीला जोडलेला प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पाइप. निघताना त्यांना नुसता हिशेब करून दाखवला: समजा एका फटीतून तासाला १० किलो जातो, तर दिवसाला २४० किलो. म्हणजे वजनानं जवळजवळ १७ सिलिंडर. काका बोटं मोजत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आमच्या आळीत सतरा चुली नाहीत.’’

चालू वाहिनीवर व्हॉल्व्ह खोलता येत नाही, म्हणून काकांनी त्याला पिवळी पट्टी बांधली. शटडाउनमध्ये तो उतरवला तेव्हा मीही हजर होते. बैठकीवर एक चीर होती, नखानं ओढावी एवढीच.