मुक्त विद्यालयाचा परीक्षार्थी आणि दैनंदिन उजळणी

दिल्लीलगतच्या नोएडा शहरात सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुख्यालय आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली प्रकल्परूपाने सुरू केलेल्या मुक्त विद्यालयातून १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था आकारास आली आणि २००२ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यात तिचे विभागीय केंद्र असून माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. शाळा अर्धवट सुटलेले, नोकरी अथवा घरकाम सांभाळणारे अनेक जण या मार्गाने दहावी-बारावीपर्यंत पोहोचतात.

या व्यवस्थेत सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे ग्राह्य असते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. मात्र ते एकाच वेळी देण्याचे बंधन नाही. ही सवलत मोलाची खरी, पण तीच अनेकांना घातकही ठरते. ना शाळेची घंटा, ना चाचणी परीक्षा. त्यामुळे अभ्यास पुढच्या सत्रावर ढकलला जातो आणि नऊ संधी पाहता पाहता सरतात. म्हणूनच नियमित विद्यार्थ्यापेक्षा मुक्त विद्यालयाच्या परीक्षार्थीला वेळापत्रकाची निकड अधिक असते.

समजा, एखाद्या परीक्षार्थीने एका सत्रासाठी तीन विषय निवडले असून त्यांत मिळून ४५ प्रकरणे आहेत. परीक्षेला सहा आठवडे आहेत आणि दिवसभराच्या कामानंतर हाती दोनच तास उरतात. रोज दोन प्रकरणे प्रत्येकी ४० मिनिटे वाचावीत. उरलेल्या ४० मिनिटांपैकी निम्मी आदल्या दिवशीच्या दोन प्रकरणांना आणि निम्मी आठवड्यापूर्वीच्या दोन प्रकरणांना द्यावीत. आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवला तरी सव्विसाव्या दिवशी पहिले वाचन संपते आणि तेहतिसाव्या दिवशी प्रत्येक प्रकरणाची दोनदा उजळणी झालेली असते. शेवटचे नऊ दिवस जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्यासाठी आणि कच्च्या प्रकरणांसाठी मोकळे राहतात. आजारपण, पाहुणे, कामाची जादा पाळी यांची भरपाईही याच दिवसांतून करावी लागते. ते आधीच भरून टाकणारे वेळापत्रक पहिल्याच अडचणीत कोलमडते.

एकाच प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा का वळावे? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, विस्मरण सुरुवातीला अत्यंत वेगाने होते आणि पुढे मंदावते. त्यामुळे पहिली उजळणी लवकर हवी. नंतरची अंतराने चालते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे, हा मुद्दा मात्र अद्यापही दुर्लक्षित आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर इतरांनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के, तर लिहिणाऱ्यांना ७५ टक्के भाग आठवला. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ५६ टक्क्यांवर टिकले. पुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटतो आणि ही ओळख फसवी असते. दहा मिनिटांच्या उजळणीत म्हणूनच पुस्तक मिटून मुख्य मुद्दे कोऱ्या कागदावर लिहावेत आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावेत. गणितासारख्या विषयात एक उदाहरण उत्तर न पाहता सोडवणे, हीच उजळणी.

झोपेत काटछाट करून दोनाचे तीन तास करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, शिकलेले स्मृतीत पक्के होण्यास झोपेचे साहाय्य होते. दोन तासही निघत नसतील, तर त्या सत्रापुरते दोनच विषय ठेवावेत. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात आणि उरलेला विषय पुढच्या सत्रात देता येतो.