हयातीचा दाखला

कार्तिक लागला, तुंगार्लीच्या धरणावरील धुके सकाळी आठाच्या सुमारास विरू लागले आणि राजमाचीच्या वाटेवरचे गवत पिवळे पडले, म्हणजे आमच्यासारख्या सेवानिवृत्तांच्या घरी एका विषयाची चर्चा सुरू होते. तो विषय हयातीचा दाखला. वाचकांपैकी जे निवृत्तिवेतनावर आहेत त्यांस तो समजावून सांगावयास नको. ज्यांस अद्याप अवकाश आहे त्यांच्याकरिता एवढेच सांगतो की, दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहो हे सरकारास पटवून द्यावे लागते. न पटल्यास वेतन थांबते. वेतन थांबले तरी मनुष्य काही दिवस जिवंत राहतो, पण तो भाग निराळा.

पूर्वी हे काम बँकेत जाऊन होत असे. कोषागाराकडून आलेली नावांची यादी टेबलावर पसरलेली असे. आपले नाव शोधून त्यापुढे सही करावयाची. रांगेत जुने सहकारी भेटत. कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, कोणाची नात परदेशी गेली, हे तेथे कळे. आणि गतवर्षी आपल्या पुढे उभा असलेला मनुष्य यंदा रांगेत नाही, हेही तेथेच कळे. कारकून मान वर करून पाही, “बसा मास्तर” म्हणे, आणि सरकारच्या दृष्टीने आम्ही आणखी एक वर्ष जिवंत राहत असू.

२०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ नावाची योजना सुरू केली. यंत्रावर अंगठा ठेवावा, तो आधार क्रमांकाच्या नोंदीशी ताडून पाहिला जावा आणि दाखला परस्पर रवाना व्हावा, असा हा प्रकार. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यात चेहऱ्याची भर पडली. मोबाइलसमोर बसून डोळ्यांची उघडझाप केली की काम झाले. या योजनेची उपयुक्तता नाकारण्याचे आम्हांस कारण नाही. आमचे एक वृद्ध स्नेही अर्धांगवायूने अंथरुणास खिळून आहेत. पूर्वी त्यांस खुर्चीत घालून बँकेच्या पायऱ्या चढवाव्या लागत. हल्ली त्यांच्या उशाशी बसून पाच मिनिटांत काम उरकते.

आमच्या घरात मात्र या यंत्रांविषयी एकमत म्हणून नाही. मौज अशी की, मते वयाच्या उलट क्रमाने पडली आहेत. आमचे वडील बंधू पंच्याहत्तरी ओलांडलेले. ते यंत्राचे कट्टर अभिमानी. ‘यंत्र जेवणाच्या सुट्टीवर जात नाही, चहापाणी मागत नाही, आणि उद्या या असे म्हणत नाही,’ हा त्यांचा सिद्धान्त. ज्या गावाच्या अंगणातील वलवणच्या पाण्याने १९१५ पासून खोपोलीस वीज होत आली, त्या गावाने यंत्रास भ्यावे हे त्यांस शोभत नाही असे वाटते. आमची धाकटी सून हिंजवडीच्या एका कंपनीकरिता संगणकाच्या आज्ञावली लिहिते, आणि सर्व घरात अधिक संशयी तीच. कारण विचारले तर म्हणते, “बाबा, खाणावळीचं स्वयंपाकघर ज्यानं पाहिलं त्याला तिथं जेवण जात नाही.” सौभाग्यवतींचे मत पैशांपुरते आहे. ज्या ‘यूपीआय’ पद्धतीचा प्रारंभ २०१६ च्या एप्रिलात मुंबईस झाला, तिने बाजारच्या भाजीवालीजवळही आज बोलकी पेटी आणून ठेवली आहे. इतके रुपये मिळाले असे ती मोठ्याने ओरडून सांगते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, गृहिणी कोथिंबिरीस किती देते हे चारचौघांत पुकारण्याचे कारण काय? यावर अद्याप कोणास उत्तर सुचलेले नाही.

गतवर्षी आम्ही वडील बंधूंच्या आग्रहास मान देऊन अंगठ्याचा मार्ग धरला. बाजारात अशा कामांकरिता जी दुकाने असतात त्यांपैकी एकात गेलो. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला; जुळेना. रुमालाने पुसून ठेवला, जुळेना. दुकानदार मुलगा सौजन्यशील होता. त्याने आमचा अंगठा आपल्या कपाळाच्या घामास लावावयास सांगितले, म्हणजे ओलसर होईल म्हणाला. दहाही बोटे झाली. शेवटी तो म्हणाला, “काका, वय झालं की रेषा जातात.” आम्ही घरी आलो. सुनेने आपल्या मोबाइलसमोर बसविले, डोळे मिचकावयास लावले, आणि दोन मिनिटांत आम्ही हयात ठरलो.

हे असे का होते याचा आम्ही तिच्याजवळ बसून अभ्यास केला. यंत्र अंगठ्याचे चित्र जसेच्या तसे ताडीत नाही. कातडीवरील रेषा जेथे संपते, किंवा जेथे तिला फाटा फुटतो, अशी स्थळे ते हेरते आणि त्यांची मांडणी आकड्यांत उतरविते. हे आकडे मूळ नोंदीतील आकड्यांशी ताडून साम्य किती याचा हिशेब होतो. दाब कमीजास्त पडतो, बोट कोरडे वा ओले असते, म्हणून संपूर्ण साम्य कधीच नसते; अमुक इतके साम्य भरले तर ‘होय’, त्याखाली ‘नाही’, अशी एक मर्यादा माणसांनीच ठरवून दिलेली असते. मर्यादा सैल ठेवली तर तोतया आत येतो. आवळली तर खरा मनुष्य बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम टाळणारी मर्यादा नाही, असे सून म्हणाली.

जन्मभर मुलांस संस्कृत शिकविले असल्यामुळे ‘जीवन प्रमाण’ या नावाने आमच्या मनात निराळीच चक्रे फिरू लागली. नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बँकेतील कारकुनाचे ज्ञान प्रत्यक्ष होते. यंत्राचे ज्ञान अनुमानाच्या जातीचे आहे. धूर दिसला, त्यावरून अग्नी आहे असे जाणले. रेषा जुळल्या, त्यावरून मनुष्य तोच असे जाणले. येथवर ठीक. परंतु धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मुळीच नसतो, हे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचणाऱ्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. धुरास ओल्या लाकडाचा योग लागतो. त्याचप्रमाणे अंगठ्यासही ओल लागते, हे त्या दुकानदार मुलाने आमच्या कपाळावरून सिद्ध केलेच होते. जुळलेला अंगठा मनुष्य सिद्ध करील. न जुळलेला अंगठा काहीच सिद्ध करीत नाही. यंत्रही फार तर ‘जुळले नाही’ एवढेच म्हणते. ‘तू ती नव्हेस’ हा अर्थ यंत्रापलीकडे बसलेला मनुष्य काढतो.

हा विचार आम्हांस पंडिती करमणूक वाटला असता, पण त्याच महिन्यात आमच्याकडे वीस वर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाई एके दिवशी उशिरा आल्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, “मास्तर, रेशनला दोन खेपा झाल्या. मशिनीत माझा अंगठा लागंना. दुकानदार म्हनतो, उद्या या.” दोन्ही हातांचे अंगठे त्यांनी आमच्यापुढे धरले. आम्ही चष्मा लावून पाहिले. कातडी गुळगुळीत, ठिकठिकाणी भेगा. रेषा अशा राहिल्याच नव्हत्या. आमचा अंगठा वयाने गेला होता. त्यांचा राखेने, सोड्याने, साबणाने गेला होता. आणि ज्या भांड्यांनी त्या रेषा पुसल्या त्यांपैकी पुष्कळ भांडी आमच्या मोरीतील होती.

अंगठ्याचा आणि निवृत्तिवेतनाचा संबंध पुष्कळ जुना आहे, हे आम्हांस या निमित्ताने वाचता कळले. बंगाल्यात जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल या अंमलदाराने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. हा हर्शेल प्रख्यात ज्योतिर्विद हर्शेल यांचा नातू. पुढे १८७७ साली हुगळीस असताना त्याने सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला, कारण मेलेल्या माणसाचे वेतन त्याचे नातलग उचलीत असत. ठशांची वर्गवारी करणारी कचेरी कलकत्त्यास १८९७ मध्ये स्थापन झाली. तेथील वर्गवारीच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां एतद्देशीयांचा मोठा वाटा होता, जरी तिच्यास नाव त्यांच्या वरिष्ठाचे, हेन्रीचे, पडले. म्हणजे मनुष्य जिवंत आहे की नाही याविषयीचा सरकारचा संशय दीडशे वर्षांचा आहे, आणि आरंभी तो निराधार नव्हता.

आमच्या व्यवसायास मात्र अंगठा म्हणजे पराभवाची खूण होती. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द दस्तऐवजावरून जावेत म्हणून या महाराष्ट्रात किती खटपट झाली! सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि नंतर ती राज्यभर पसरली. रात्रीच्या कंदिलाखाली प्रौढ स्त्रीपुरुषांस स्वतःचे नाव गिरवावयास शिकविणारे शिक्षक आम्ही लहानपणी ऐकले आहेत. आमच्या या बाईही सही करतात. साक्षरता वर्गात शिकल्या, आणि ती सही ठसठशीत आहे. ती सही आज रेशनच्या दुकानात कोणी मागत नाही. मास्तरही अंगठेबहाद्दर आणि बाईही अंगठेबहाद्दर. फरक इतकाच की, मास्तरांच्या घरी चेहरा ओळखणारा मोबाइल आणि तो धरणारी सून होती.

आधार क्रमांकाचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत झाला. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला नाही, घराचा कागद नाही, अशांस ओळख मिळावी हा हेतू सांगितला गेला, आणि तो हेतू चांगलाच होता. पुढे न्यायालयात वाद झाला. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारी साहाय्यापुरता हा कायदा ग्राह्य धरला; न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न निकाल दिला, आणि माणसाची प्रतिष्ठा व हक्क संभाव्यतेच्या गणितावर टांगून ठेवता येत नाहीत अशा आशयाचे मत नोंदविले. आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणानेही २०१७ च्या ऑक्टोबरात परिपत्रक काढून, केवळ बोटे जुळली नाहीत म्हणून कोणास धान्य नाकारू नये, अन्य रीतीने ओळख पटवून व तशी नोंद करून ते द्यावे, असे कळविलेले आहे. कायदा लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त जाणतो, हे पाहून आम्हांस बरे वाटले.

ते परिपत्रक सुनेकडून छापून घेऊन आम्ही बाईंबरोबर दुकानी गेलो. दुकान कोणते हे सांगण्याचे कारण नाही. दुकानदार दुष्ट नव्हता, घाबरट होता. नोंद न झालेले धान्य आपल्या अंगावर येईल ही त्याची भीती. कागद त्याने उलटसुलट वाचला. मग बाईंच्या मुलाच्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने काम होईल असे निघाले. मुलगा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर. तेथे मोबाइल आत नेऊ देत नाहीत. आम्ही त्याच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत, पावणेदोन तास, दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. एक वाजून गेल्यावर त्याने आकडा सांगितला आणि गहू-तांदूळ मिळाले. बाईंनी एका घरचे काम त्या दिवशी बुडविले होते. त्याचे पैसे कापले गेले हे आम्हांस मागाहून कळले. घरी येऊन ही हकीकत सांगितल्यावर वडील बंधू पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीवर कोणीतरी जातंच म्हणायचं.”

यंदा आम्ही पुन्हा बँकेत गेलो आणि हाताने सही केली. हात हल्ली कापतो. तरुण कारकुनाने जुनी सही पडद्यावर काढून शेजारी धरली. दोहोंत साम्य फारसे नव्हते. पुन्हा करावयास सांगितले. ती त्याहून वाईट आली. वडील बंधू असते तर त्यांस जिंकल्याचा आनंद झाला असता. कारकुनाने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, जन्मतारीख विचारली, गाव विचारले, तुंगार्लीस धुके ओसरले का ते विचारले, आणि यादीवर आपली आद्याक्षरे केली.

बाई आता मुलाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रेशनला जातात. बोटांचे ठसे नव्याने घेतात त्या केंद्रावरही सून त्यांस घेऊन गेली होती. चार बोटे थोडीबहुत उमटली, अंगठे नाहीत. काही महिने हातांस आराम द्या, मग पुन्हा या, असे तेथे सांगितले. सौभाग्यवतींनी त्यांच्याकरिता रबरी हातमोजे आणले. दोन दिवस त्यांनी ते घातले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “वैनी, ह्यात पातेलं घसरतं, आन् जळकं निघालं का नाय ते हाताला कळत नाय.” मोजे मोरीजवळच्या खुंटीस टांगलेले आहेत.