परसातलं अंजीर

आमच्या केम गावात अंजीर लावतोय म्हटल्यावर शेजारच्या काकांनी पहिलं विचारलं, "थंडीत टिकंल का रं ते?" टिकतं. पानं झडून निजलेलं थोराड झाड शून्याखालचा गारठाही सोसतं. न्यू यॉर्ककडे गेलेले इटालियन लोक हिवाळ्यात अंजिराला गोणपाट गुंडाळत, नाहीतर वाकवून मातीत पुरून ठेवत. आमच्याकडं पहाट कितीही बोचरी असली तरी तेवढी वेळ येत नाही. इथं अंजीर मरतं ते पाण्यानं.

माझं पहिलं रोप तसंच गेलं. मोरीचं पाणी आयतं मिळतंय म्हणून तिथंच लावलं. काळ्या रानात पाणी तुंबलं, मुळं कुजली. दुसऱ्या खेपेला जागा उंचावर धरली, दोन फुटी खड्ड्यात मातीला मुरूम आणि शेणखत मिसळलं. काडी सासवडच्या बाजूची, पूना अंजिराची. तिकडच्या पुरंदर अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची पक्की काडी. दोन डोळे वर ठेवून बाकीची मातीत. झाड एकटंच आहे आणि तेवढं पुरतं. अंजीर उंबराच्याच कुळातलं, फुलं फळाच्या पोटात. पण फळ धरायला उंबराला लागणाऱ्या चिलटांची याला गरज पडत नाही.

पावसाळ्यात मात्र रोज पानं उलटून बघावी लागतात. तांबेरा आला की पानामागं बारीक पुटकुळ्या येतात आणि बोट फिरवलं की पिवळट-तांबूस पूड लागते. केम म्हणजे कुंकवाचं गाव, इथं हळदीची पूड बोटाला लागायची सवय असते, पण ही पूड दिसली की पोटात गोळा येतो. अशी पानं मी तोडून जाळतो आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो.

पाऊस सरला की पाणी तोडायचं. हाच ताण. घरच्यांना झाड तहानलेलं बघवत नाही, कुणीतरी गुपचूप तांब्या ओततंच. पण ताणाशिवाय उन्हाळ्यात फळ देणारा मीठा बहर नीट फुटत नाही. पानं गळाली की दसऱ्याच्या सुमारास छाटणी, मग शेणखत, मग पाणी, बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. जानेवारीच्या थंडीत फळं हळूहळू फुगतात. उन्हं तापायला लागली की पहिलं फळ जांभळट होऊन मान टाकतं. त्या आधी तोडलं तर घरात ठेवून ते गोड होत नाही. देठाचा पांढरा चीक कातडीला खाजतो, म्हणून हात लगेच धुवायचे. बुलबुलांच्या आधी पोचायचं असेल तर फळाला जुन्या धोतराची पिशवी बांधावी.

यंदाच्या छाटणीतल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. ज्याच्या परसात पाणी तुंबत नाही, त्यानं येऊन घेऊन जाव्यात.