पाठीला डोळे नसतात

चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांतील दुसरी पाळी सुटते, तेव्हा रात्र बरीच झालेली असते. कंपनीची बस फाट्यावर सोडते आणि तेथून वस्तीपर्यंतची वाट पायी तुडवावी लागते. दोन्ही अंगांना ऊस, वारा पडलेला. आणि मध्येच वाटते, पाठीवर कोणाची तरी नजर खिळली आहे. माणूस थबकतो, मागे वळतो, तर कोणीच नाही! असा अनुभव कधीच आला नाही, असा मनुष्य विरळा. ही न दिसणारी नजर म्हणजे आहे तरी काय, याचा आज थोडा विचार करू.

आधी डोळ्याचे काम पाहा. वस्तूवर पडलेला प्रकाश परतून आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून वस्तू दिसते. डोळ्यांतून किरण निघून वस्तूला भिडतात, असे आपल्या न्यायदर्शनात आणि ग्रीसमधील काही पंडितांत मानले जाई. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या पंडिताने ते मत खोडून काढले. तेव्हा कोणी कितीही रोखून पाहिले, तरी त्याच्या डोळ्यांतून निघून तुमच्या पाठीला लागेल असे काही नसते.

मग जाणवते ते काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी १८९८ साली याचा उलगडा केला. पाठीमागचे दिसत नाही, म्हणून त्या बाजूची मनात थोडी धाकधूक असते. ती वाढली की माणूस चुळबुळतो, मान वळवतो. त्या हालचालीने मागच्याचे लक्ष वेधते आणि नजरानजर होते. याला वाटते, ‘तो पाहत होता म्हणून मी वळलो.’ खरे तर हा वळला, म्हणून त्याने पाहिले! ज्या वेळी वळूनही कोणी दिसले नाही, त्या वेळा आपण विसरून जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात करता येईल. एका मुलाला पाठमोरे बसवा. मागच्या मुलाने नाणे उडवावे; छापा पडला तर पाठीकडे रोखून पाहावे, काटा पडला तर खिडकीबाहेर. नंतर पट्टीने बाकावर टकटक करावी आणि पुढच्याने ‘पाहतोय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावे. उत्तर बरोबर की चूक हे शेवटपर्यंत सांगू नये. अशी शंभर उत्तरे फळ्यावर मांडा. १९१३ साली अमेरिकेत कूव्हर यांनी अशीच हजार उत्तरे तपासली. त्यांतली जवळपास निम्मीच बरोबर निघाली. नुसता अंदाज केला असता, तरी तेवढीच निघाली असती.

मन असे फसते, त्याला कारण आहे. उसात सळसळ झाली आणि वाऱ्यालाच बिबट्या समजलो, तर घटकाभर छाती धडधडते. बिबट्याला वारा समजलो, तर जीव जातो. म्हणून मन आधी भिते आणि मग विचार करते.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबट्या खरोखर असतो. तो दबून बसून पाहत असतो, तेव्हा पाठीला काही कळेलच असे नाही. कारखान्यातही तसेच. फाटकावर, यंत्रांपाशी कॅमेरे बसवलेले असतात. पहिले दोन दिवस अंग अवघडते, मग माणूस ते विसरून जातो. म्हणजे कोणी नसते तेथे नजर जाणवते, आणि असते तेथे जाणवत नाही! म्हणून या जाणिवेवर विसंबू नका, खातरजमा करा.

रात्री दोघे-तिघे मिळून चला, हाती बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत चला. कॅमेरा कोठे आहे आणि त्यातले चित्र कोण पाहतो, हे कामगारांनी बेलाशक विचारावे. कपडे बदलण्याच्या खोलीत स्त्रीचे चोरून चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. तेथे भगिनींनी गप्प बसू नये.

आणि एक. ‘माझ्यावर कोणाची तरी नजर आहे’ या भीतीपोटी शेजारच्या एखाद्या म्हातारीवर करणीचा आळ येतो आणि तिचे गावात राहणे कठीण होते. असा संशय पसरवून कोणाला छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतो. घरातल्या कोणाला आठवडेच्या आठवडे, भरदिवसासुद्धा, ‘लोक माझ्यावर पाळत ठेवतात’ असे वाटत असेल, तर त्याला हसू नका आणि देवऋषाकडेही नेऊ नका. तो आजार असू शकतो व त्यावर औषध आहे. सरकारी दवाखाना गाठा, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

भीती वाटणे यात कमीपणा नाही. पण तिचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्याआधी एकदा मागे वळून, दिवा धरून नीट पाहावे, एवढेच सांगणे.