अफझलगंजचा क्लोरोफॉर्म आणि पेशीच्या दारावरचे रिसेप्टर

गौलीगुड्यातून मुसी नदीच्या दिशेने निघाले की थोड्या पावलांत उस्मानिया दवाखान्याचे घुमट दिसू लागतात. हैदराबादचा मराठी माणूसही त्याला ‘दवाखाना’च म्हणतो, ‘रुग्णालय’ हा शब्द पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या पट्ट्यातल्या मराठी घरांतली कितीतरी बाळंतपणे, अपघात आणि ऑपरेशने या आणि आसपासच्या दवाखान्यांनी पाहिली आहेत. घुमटांची इमारत मात्र विसाव्या शतकातली. तिच्या आधीचा अफझलगंजचा दवाखाना 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुरात गेला. पुराच्या त्या दिवशी आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, असे सांगतात. त्या झाडाची गोष्ट हैदराबादेत सगळ्यांना ठाऊक असते. पुरात गेलेल्या दवाखान्याच्या नावाशी जोडलेला क्लोरोफॉर्मचा वाद मात्र भूलतज्ज्ञांच्या पुस्तकांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही.

1847 च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म भूल देण्यासाठी वापरात आणला. पुढच्याच जानेवारीत न्यूकॅसलजवळच्या हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाचे नख काढायचे होते. भूल दिली आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मने मरणारा माणूस हृदय थांबून मरतो की श्वास थांबून, हा वाद तेव्हापासून सुरू झाला. लंडनचा जॉन स्नो म्हणे, हृदय. एडिंबरोची परंपरा म्हणे, श्वास. श्वासावर नजर ठेवा, नाडीकडे बघण्याची गरज नाही.

या एडिंबरोच्या परंपरेत तयार झालेले एडवर्ड लॉरी 1880 च्या दशकात हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. माणूस हट्टी, आपल्या गुरूवर निष्ठा ठेवणारा. 1888 मध्ये त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पहिले ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ भरवले आणि निकाल श्वासाच्या बाजूने दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा सहावे निझाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा प्रयोग करू. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन आले. चारशेहून अधिक प्राणी वापरले गेले. कुत्री, माकडे, बकऱ्या, ससे, घोडेसुद्धा. ब्रंटन हृदयाच्या बाजूचे म्हणून आले होते, पण इथे जे पाहिले त्याने त्यांचे मत फिरले. या काळात मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी शिकत होती. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

कमिशनचा निष्कर्ष चुकीचा होता. प्रयोगांत अप्रामाणिकपणा नव्हता आणि आकडेही खोटे नव्हते. खऱ्या उत्तराचे नाव त्या वेळी जगातल्या कुणाकडेच नव्हते, इतकेच.

ते नाव हळूहळू तयार झाले. 1900 च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी ‘रिसेप्टर’ हा शब्द वापरात आणला. 1905 मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्लींनी कोंबड्याच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे लावून पाहिले. एक स्नायू आखडवते, दुसरे ते आखडणे रोखते, आणि मज्जातंतू तोडून टाकला तरीही हे घडते. मग औषध चिकटते कुठे? स्नायूच्या पेशीतच काहीतरी ‘ग्रहण करणारे’ द्रव्य असले पाहिजे, असे लँग्ली म्हणाले. ते द्रव्य डोळ्यांनी दिसायला आणखी अनेक दशके जायची होती.

क्लोरोफॉर्मचे कोडे 1911 मध्ये लंडनच्या गुडमन लेव्हींनी उलगडले. त्यांनी मांजरांना हलकी भूल दिली आणि थोडेसे अ‍ॅड्रेनालिन टोचले. हृदयाचे कप्पे थरथरू लागले, ठोका बंद, मृत्यू. भूल खोल असेल तर मात्र हे होत नाही. हैदराबादच्या प्रयोगांत प्राण्यांना क्लोरोफॉर्म भरपूर मिळे, म्हणून श्वासच आधी थांबे. हॅना ग्रीनर घाबरलेली होती आणि भूल नुकतीच लागू होत होती. भीतीने तिच्याच शरीरात सुटलेले अ‍ॅड्रेनालिन हे त्या मृत्यूचे एक संभाव्य कारण. अ‍ॅड्रेनालिन आपला निरोप हृदयाच्या पेशीवरच्या रिसेप्टरला देते, आणि क्लोरोफॉर्मने हळवे झालेले हृदय त्या निरोपाने बेताल होते. या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट अमेरिकेच्या रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये केले. बीटा गट अडवणारे प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात आणले; त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बीटा-ब्लॉकर आधी दिला तर भूल आणि अ‍ॅड्रेनालिन यांच्या संगनमताने होणारा हा घोटाळा बराच टळतो. आज तुमच्या-माझ्या घरात ब्लडप्रेशरची जी गोळी पडलेली असते, तिच्या नावाचा शेवट ‘लॉल’ असा असेल तर ती याच घराण्यातली.

अ‍ॅड्रेनालिनचे रिसेप्टर ज्या मोठ्या कुटुंबातले, त्यात माणसाच्या शरीरात सुमारे आठशे प्रकार आहेत. जवळपास निम्मे वास ओळखण्याच्या कामाचे. उरलेल्यांत प्रकाश, चव, मूड, रक्तदाब. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश याच कुटुंबावर काम करतात. तिखटाचे रिसेप्टर वेगळ्या घरातले. गौलीगुड्याला लागूनच बेगम बाजार. तिथल्या मिरचीच्या दुकानासमोर उभे राहिले की नाक-डोळ्यांत जो जाळ उठतो, तो टीआरपीव्ही-1 या रिसेप्टरचा. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला, 2021 मध्ये नोबेल. हाच रिसेप्टर सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेलाही उघडतो, म्हणून मिरची ‘भाजते’. पोपटाला मात्र मिरची मुळीच भाजत नाही: पक्ष्यांचा हा रिसेप्टर कॅप्सेसिनला ओळखतच नाही. मिरचीच्या बिया दूरवर जातात त्या पक्ष्यांच्या पोटातून.

आजाराच्या बाजूने आधी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याकडचे आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूचा निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारे एन्झाइम बंद पाडतात. मग अ‍ॅसिटिलकोलीन साठत जाते आणि रिसेप्टरवर न थांबता आदळत राहते: लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसे पाण्याने भरतात. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात. ते रिसेप्टरची जागा अडवून बसते. हे अ‍ॅट्रोपीन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असते. ज्या धोतऱ्याने ठग वाटसरूंना बेशुद्ध करीत, त्याच्यातलेच द्रव्य विषबाधेच्या वॉर्डात जीव वाचवते.

शाळेच्या पुस्तकात रिसेप्टर समजावताना कुलूप आणि किल्ली दाखवतात. मला ती उपमा अपुरी वाटते. पावसाळ्यात लाकूड फुगले की किल्ली बरोबर असूनही कुलूप अडते. म्हणजे चौकट पाहायला हवी. रिसेप्टर पेशीच्या ज्या पटलात रुतलेला असतो ते पटल चरबीचे असते, आणि ही गोष्ट फार काळ औषधशास्त्राने बाजूला ठेवली. खरे तर भूल देणाऱ्या द्रव्यांबाबत उलट झाले होते. हान्स मेयर आणि चार्ल्स ओव्हर्टन यांनी 1900 च्या आसपास दाखवले की जे द्रव्य चरबीत जास्त विरघळते ते जास्त भूल देते. मग सगळे चरबीच्या मागे. 1980 च्या दशकात फ्रँक्स आणि लीब यांनी प्रथिनाकडे बोट दाखवले आणि चरबी विसरली गेली. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने पुन्हा सांगितले की क्लोरोफॉर्म पटलातल्या चरबीच्या बेटांची मोडतोड करतो आणि त्यातून मज्जातंतू शांत करणारी वाहिनी उघडते. वाद मिटलेला नाही. पण ‘चरबी की प्रथिन’ हा प्रश्नच ‘हृदय की श्वास’ या प्रश्नासारखा चुकीचा मांडलेला असावा, असा माझा कयास आहे.

या कयासाला बळ देणारे काम हैदराबादेतच झाले आहे. अफझलगंजहून काही किलोमीटरवर हबसीगुडा इथे सीसीएमबी, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी. पुष्प मित्र भार्गव यांनी ती उभी केली. तिथे अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने सेरोटोनिन-1ए या रिसेप्टरचा पिच्छा वर्षानुवर्षे पुरवला. चिंता, नैराश्य, झोप यांच्याशी याचा संबंध. जनावरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचे पटल वेगळे करून त्यांनी त्यातले कोलेस्टेरॉल काढून घेतले. रिसेप्टरची सेरोटोनिनसारखी द्रव्ये धरण्याची क्षमता घसरली. कोलेस्टेरॉल परत घातले, ती क्षमता परत आली. 2004 च्या त्या निबंधात थॉमस पुकाडियिल त्यांच्यासोबत होते. ते आता पुण्याच्या आयसरमध्ये आहेत. 2010 मध्ये याच गटाने प्रयोगशाळेतल्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन दीर्घकाळ दिले आणि रिसेप्टरचे काम मंदावलेले पाहिले. ताटलीतल्या पेशी आणि माणूस यांत मोठे अंतर आहे. हा लेख वाचून कुणी हृदयाची गोळी बंद करू नये.

सगळ्यांत चकित करणारा भाग एका दुर्मीळ आजाराचा. स्मिथ-लेम्ली-ऑपिट्झ या जन्मजात विकारात कोलेस्टेरॉल तयार होण्याची शेवटची पायरी अडते आणि त्याच्या जागी 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल साठते. दोघांत फरक फक्त एका दुहेरी बंधाचा. सीसीएमबीच्या गटाने कोलेस्टेरॉल काढलेल्या पटलात हे जवळपास जुळे द्रव्य भरून पाहिले. पटल वरवर भरले, पण रिसेप्टर पूर्ववत झाला नाही. या मुलांत मतिमंदत्व, चिडचिड, स्वमग्नतेची लक्षणे दिसतात. त्यांना आहारातून कोलेस्टेरॉल देतात, त्याने वजन थोडे वाढते, वाढ थोडी सुधारते. मेंदूला मात्र आपले कोलेस्टेरॉल स्वतःच बनवावे लागते; रक्तातले तिथे पोचत नाही.