बुडालेले मूल आणि ‘पोटातले पाणी’

पावसाळ्यात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ओढ्यांवर, धबधब्यांवर आणि नदीकाठी लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची गर्दी होते. कसाऱ्याजवळच्या विहीगावचा अशोका धबधबा, माळशेज घाट, काळू आणि भातसा नद्यांचे काठ ही त्यांतली परिचित ठिकाणे. याच काठांवर एक समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे आणि तो शहरातून आलेल्या सहलकऱ्यांत जितका रुजला आहे तितकाच पाड्यांवरही: बुडालेल्या मुलाला बाहेर काढले की आधी त्याच्या पोटातले पाणी काढायचे, पाणी निघाले की मूल शुद्धीवर येते. त्यासाठी मुलाला पाय धरून उलटे टांगले जाते, गुडघ्यावर पालथे घालून पाठीत थापट्या मारल्या जातात, पोट दाबले जाते, क्वचित खांद्यावर आडवे घेऊन गरगर फिरवलेही जाते. असे करणाऱ्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मूल वाचण्याची शक्यता ज्या चार-पाच मिनिटांत सर्वाधिक असते, नेमकी तीच मिनिटे या खटाटोपात संपतात.

बुडण्याने शरीरात काय घडते ते पाहिले म्हणजे या समजातील चूक उघड होते. पाण्याखाली गेलेले मूल प्रथम श्वास रोखून धरते, मग नाइलाजाने श्वास घेते. थोडे पाणी श्वासनलिकेत शिरताच स्वरयंत्राजवळचे स्नायू आकसू शकतात आणि फुप्फुसात हवा जाणे थांबते. फुप्फुसात शिरणारे पाणी अनेकदा लोकांना वाटते त्याहून पुष्कळ कमी असते, आणि त्यातले बरेचसे लवकरच रक्तात शोषले जाते. ते करते ते नुकसान वेगळे आहे: हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतून जो स्निग्ध थर असतो तो या पाण्याने धुपतो आणि रक्तात प्राणवायू मिसळण्याची क्रिया कोलमडते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते पाच मिनिटांत त्याची हानी सुरू होते, आणि हृदयही त्याच कारणाने थांबते. म्हणजे बुडालेल्या मुलाला कमी पडलेली वस्तू हवा आहे. पोटात गेलेल्या पाण्याने जीव जात नाही, आणि फुप्फुसातले पाणी उलटे टांगून निघत नाही.

मग टांगल्यावर तोंडातून पाणी येते ते कोठून, असा प्रश्न हमखास विचारला जातो. ते जठरातले, म्हणजे गिळलेले पाणी असते. ते बाहेर पडताना दिसते म्हणून उपचार लागू पडल्याचा भास होतो, आणि ज्या मुलाचा श्वास मुळात थांबलेलाच नव्हता ते शुद्धीवर आले की श्रेय टांगण्याला मिळते. जे दगावते त्याच्या बाबतीत ‘उशीर झाला होता’ असे म्हटले जाते. उशीर कशात झाला, हे मात्र कोणी विचारत नाही. पोट दाबण्यात तर दुहेरी धोका आहे, कारण वर आलेले पाणी आणि अन्न बेशुद्ध मुलाच्या श्वासनलिकेत उतरते. ऑस्ट्रेलियातील समुद्रकिनाऱ्यांवरच्या दहा वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसता कृत्रिम श्वास द्यावा लागलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश, तर छातीदाबही द्यावा लागलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांना उलटी झाल्याचे आढळले. जी उलटी आपण होऊनही होते ती पोट दाबून ओढवून घेण्यात कोणते शहाणपण आहे?

हा समज केवळ खेड्यापाड्यांतला आहे असे मानणेही चुकीचे ठरेल. अठराव्या शतकातील युरोपात बुडालेल्या माणसाला पिंपावर पालथे घालून लोळवत असत. घशात अडकलेला घास काढण्यासाठी पोटाला झटका देण्याची पद्धत १९७४ मध्ये मांडणारे अमेरिकी शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी तीच पद्धत बुडालेल्यांसाठीही सुचवली होती. तज्ज्ञांनी पुरावे तपासून हा वापर नाकारला, आणि आज बुडालेल्यांसाठीच्या कोणत्याही मान्यवर मार्गदर्शक सूचनांत त्याला स्थान नाही.

करायचे ते असे. मुलाला कडक, सपाट जागी उताणे ठेवून कपाळ किंचित मागे व हनुवटी वर करावी. श्वास चालू नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा भरावी, प्रत्येक वेळी छाती वर उचललेली दिसली पाहिजे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावे लागते. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. तोंडातून येणारा फेस पुसत बसू नये, श्वास देत राहावे. उलटी झाली तर मात्र मुलाला कुशीवर वळवून तोंड साफ करावे. भारतात सामान्य नागरिकांना केवळ छातीदाबाचे प्रशिक्षण दिले जाते, ते प्रौढांचे हृदय अचानक बंद पडते त्या प्रसंगासाठी योग्य आहे. बुडालेल्या मुलाच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असल्याने त्याला श्वासाशिवाय नुसते दाब पुरत नाहीत. १०८ क्रमांकावर दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी कळवावे. रुग्णवाहिका शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडून निघो वा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडून, घाटातल्या ओढ्यावर ती पाच मिनिटांत पोहोचत नाही, म्हणून पहिला उपचार काठावरच्या माणसालाच करावा लागतो.

अलीकडे समाजमाध्यमांतून याहून भयंकर गोष्ट पसरली आहे: बुडालेल्याला मिठाच्या ढिगात काही तास ठेवले की तो जिवंत होतो. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असे प्रयोग झाल्याच्या बातम्या आल्या आहेत. मीठ शरीरातले पाणी ओढून प्राण परत आणते या कल्पनेला शरीरशास्त्रात तसूभरही आधार नाही, आणि शोकात बुडालेल्या आईबापांच्या हाती असला संदेश ठेवणे हे निव्वळ क्रौर्य आहे.

शुद्धीवर आलेले मूल बरे झाले असे समजून घरी नेणे हाही गैरसमजच. धुपलेल्या थरामुळे काही तासांत श्वास बिघडू शकतो, तेव्हा रुग्णालयातील देखरेख आवश्यक ठरते. बुडणारे मूल ओरडते, हात हलवते, हे चित्रपटात. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडण्याएवढा श्वासच नसतो, आणि सारे अर्ध्या-एक मिनिटात निःशब्दपणे संपते. हवा भरलेली रबरी ट्यूब हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे. ऊन पडले आहे म्हणून पाणी वाढणार नाही हा अंदाजही फसवा असतो, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर पडत असतो आणि भातसा धरणाचे दरवाजे उघडले की सापगावजवळचे पात्र पाहता पाहता भरते.

बुडण्याचा धोका सहलीपुरताच आहे, ही समजूत सर्वांत महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले जवळजवळ एकचतुर्थांश होती. ही मुले बहुधा घराजवळच्या रोजच्या पाण्यात बुडतात. या दोन तालुक्यांत ते पाणी म्हणजे विहीर, वीटभट्टीसाठी माती काढून झालेला आणि पावसाने भरलेला खड्डा, आणि प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले शेततळे. या अस्तरावर शेवाळ धरले की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, मग चार वर्षांचे मूल उतारावरून सरकले की त्याला वर चढण्यासाठी धरायला काहीच उरत नाही. कुंपण आणि काठाला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर एवढी सोय प्रत्येक शेततळ्याला हवी. बांगलादेशातील खेड्यांत आई कामात असते त्या सकाळच्या वेळात एक ते पाच वर्षांच्या मुलांना गावातल्याच पाळणाघरात सांभाळण्याचा प्रयोग झाला, आणि तेथे जाणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. भाताच्या लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची अंगणवाडी नेमकी हेच काम करू शकते, मात्र त्यासाठी तिची वेळ लावणीच्या वेळेशी जुळायला हवी.