काउंटरवर घ्यायचा नसतो असा निर्णय

घरातली यंत्रं, घरातला पैसा : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण ‘नो कॉस्ट ईएमआय’ उलगडून पाहिला. आज त्याच काउंटरवर, बिल होण्याच्या जरा आधी, समोर सरकवला जाणारा दुसरा कागद घेऊ : वाढीव वॉरंटी.

भाचीला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून ऑगस्टमध्ये बहीण, भाची आणि मी नाशिकच्या एका दुकानात लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. दोन तास रॅम, एसएसडी, स्क्रीन यांवर खल झाला. 62,000 रुपयांचा एक लॅपटॉप ठरला. बहिणीने पर्समधून कार्ड काढलं आणि विक्रेता मुलगा म्हणाला, “मॅडम, 5,999 रुपयांत दोन वर्षं वाढवून मिळतील. मदरबोर्ड गेला तर पंचवीस हजारांच्या खाली सुटत नाही. आणि ताई बाहेरगावी राहणार ना?” शेवटचं वाक्य बहिणीला लागलं. “घेऊन टाकू या का, दादा?”

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. बोर्ड जातात, आणि महाग पडतात. मी त्याच्याकडे नियमांचा कागद मागितला. त्याच्याकडे एक गुळगुळीत पत्रक होतं, त्यावर काय मिळेल तेवढं होतं. काय मिळणार नाही, ते पैसे भरल्यावर ईमेलने येणार होतं. मी म्हटलं, आज नको. घरी पोहोचेपर्यंत बहिणीच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नव्हती. हा लेख मी आधी तिच्यासाठी लिहितो आहे.

पहिली गोष्ट नावाची. ‘वाढीव वॉरंटी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच आपली एका वर्षाची हमी पुढे वाढवणं. दोन, कंपनीचं अपघाती संरक्षण, म्हणजे लॅपटॉप पडला, त्यावर चहा सांडला, विजेचा दाब अचानक वाढून जळला, तर दुरुस्ती. तीन, दुकानाची किंवा तिसऱ्याच एखाद्या कंपनीची योजना, जिच्यात लॅपटॉप बनवणाऱ्याचा काही संबंध नसतो. नाशिकच्या काउंटरवर होती ती तिसरी. बहिणीच्या मनात होती ती दुसरी. तिला वाटत होतं, हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप खाली पडला तरी पैसे वाचतील.

पहिली आणि दुसरी यांच्यातली रेघ फार महत्त्वाची आहे. साधी वॉरंटी, मूळ असो वा वाढीव, फक्त ‘आपोआप बिघडलं’ यासाठी असते. पडणं, भिजणं, दाबलं जाणं त्यात नाही. बॅटरी आणि चार्जर वाढीव मुदतीत बहुधा नसतातच. कित्येक नियमावलींमध्ये झुरळं, मुंग्या आणि उंदरांनी केलेलं नुकसानही स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं.

आता जरा यंत्राच्या स्वभावाकडे पाहू. अभियंते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा एक आलेख काढतात. त्याचा आकार न्हाणीतल्या टबासारखा असतो, म्हणून त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. कारखान्यातच कच्चा राहिलेला भाग सुरुवातीच्या महिन्यांत दगा देतो, तिथे रेघ उंच. मग ती खाली उतरते आणि बराच काळ सपाट चालते. शेवटी भाग झिजायला लागले की पुन्हा चढते. पहिली चढण मूळ वॉरंटीत येते, तिचे पैसे आपण लॅपटॉपच्या किमतीत दिलेलेच असतात. दुसरं आणि तिसरं वर्ष, म्हणजे वाढीव वॉरंटीची वर्षं, इलेक्ट्रॉनिक भागांच्या बाबतीत बहुतेक त्या सपाट पट्ट्यात पडतात.

मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लॅपटॉप दुरुस्तीला जातात ते कशामुळे? बॅटरी, बिजागरी, कीबोर्ड, चार्जिंगचं तोंड, फुटलेली स्क्रीन. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते, काही नव्या बॅटऱ्या त्याहून जास्त टिकतात. रोज वापरणाऱ्याला तो आकडा दीड-दोन वर्षांत गाठता येतो. ही झीज आहे, आणि झीज वॉरंटीत नसते.

बिजागरीचं मी स्वतः सोसलं आहे. माझ्या आधीच्या लॅपटॉपला दुकानाची दोन वर्षांची योजना घेतली होती. सोळाव्या महिन्यात एका सकाळी झाकण उघडलं, कट् असा आवाज आला आणि स्क्रीनची डावी कड उचकटून वर आली. लॅपटॉप पडला नव्हता, आपटला नव्हता. योजनेवाल्यांनी फोटो मागवले आणि ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून दावा नाकारला. मी दोन महिने ईमेल लिहीत होतो. मनस्ताप झाला, पैसा गेला तो गेलाच.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत एका कारागिराकडे गेलो. त्याने खालचं झाकण उघडून मला आतलं दाखवलं. बिजागरीचे स्क्रू छोट्या पितळी नळ्यांत बसतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रोवलेल्या असतात. बिजागरी कालांतराने घट्ट होते, उघडताना लागणारा सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो आणि एक दिवस प्लॅस्टिक तडकतं. माझ्या लॅपटॉपच्या तीनपैकी दोन खुंट्या भुगा होऊन आत पडल्या होत्या. त्याने बिजागरीत तेलाचा थेंब सोडून ती सैल केली, खुंट्या नव्याने भरल्या आणि 1,800 रुपये घेतले. ती बिजागरी अजून चालते आहे.

त्याच टेबलावर दुसरा एक मृत बोर्ड पडला होता. कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली मल्टिमीटरची टोकं फिरवत ‘शॉर्ट’ शोधत होता. तांदळाच्या दाण्याहून बारीक एक कपॅसिटर गेला होता. गरम हवेने तो उचलला, दुसरा बसवला, बोर्ड जिवंत. पाटीवर लिहिलेलं असतं ते ‘चिप लेव्हल रिपेअर’ हेच. अधिकृत केंद्रात सहसा पूर्ण बोर्ड बदलतात, म्हणून पंचवीस हजार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत असे हात आहेत. प्रत्येक बोर्ड वाचतो असं नाही, पण काउंटरवर ऐकवलेली किंमत ही एकमेव किंमत नसते. ज्याच्या गावात असा कारागीर नाही, त्याचं गणित मात्र वेगळं निघेल.

आकडेमोड सोपी आहे. योजनेचे 6,000 आणि दुरुस्तीचे 24,000 धरा. म्हणजे असे चार लॅपटॉप घेतले आणि त्यांतल्या एकाचा बोर्ड त्या दोनच वर्षांत गेला, तर पैसे जेमतेम वसूल. विकणाऱ्याचा खर्च आणि नफा त्याच 6,000 मध्ये असतो, 18 टक्के जीएसटीही त्यातूनच जातो. म्हणजे सरासरीने पाहिलं तर घेणाऱ्याच्या हाती भरल्यापेक्षा कमीच येतं.

पण सरासरी घर चालवत नाही. 24,000 चा खर्च उद्या उभा राहिला तर तो बचतीतून निघेल, की कर्ज काढावं लागेल? मी निर्णय या प्रश्नावर सोडतो. ज्या घरात पहिला लॅपटॉप वर्षभर पैसे साठवून आला आहे, तिथे कंपनीची वाढीव वॉरंटी घेणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. ज्यांचं पोट लॅपटॉपवर आहे, म्हणजे अनुवादक, करसल्लागार, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, त्यांनी घरी येऊन दुरुस्ती करणारी ‘ऑनसाइट’ सेवा घ्यावी. त्यांचा बुडालेला आठवडा बोर्डाहून महाग असतो. ज्याच्या पातळ लॅपटॉपवर रॅम आणि एसएसडी दोन्ही बोर्डालाच डाक दिलेले आहेत, त्यानेही विचार करावा, कारण तिथे एक भाग जाणं म्हणजे सगळाच बोर्ड जाणं. यांपैकी काहीच नसेल, तर तेच 6,000 वेगळे ठेवा. बॅटरी त्यातूनच बदलता येईल. आणि कुठलीही वॉरंटी आतला डेटा परत देत नाही, म्हणून थोडे पैसे बॅकअपच्या हार्ड डिस्कला काढा.

बहिणीला मला सगळ्यात आधी सांगायचं होतं ते हे : दुकानाची योजना सहसा खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते, पण कंपनीची वाढीव मुदत बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत विकतात. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की आपल्या मॉडेलला काय लागू आहे ते दिसतं. म्हणजे अकरा महिने लॅपटॉप वापरून, तो तापतो का, मधेच बंद पडतो का, सर्व्हिस सेंटरचा अनुभव कसा आहे, हे पाहून ठरवता येतं. अपघाती संरक्षणाला मात्र मुदत कमी असते, आणि अ‍ॅपलच्या मॅकला तर खरेदीनंतर 60 दिवसांतच निर्णय घ्यावा लागतो.

सिरियल नंबर पहिल्याच आठवड्यात टाकून बघावा याला आणखी एक कारण आहे. भाचीच्या लॅपटॉपची वॉरंटी साइटवर 41 दिवस आधीच सुरू झालेली दिसली, म्हणजे माल दुकानात आला त्या सुमारापासून. बिलाची प्रत अपलोड केली, चार दिवसांत तारीख दुरुस्त झाली. न पाहिलं असतं तर सव्वा महिना असाच गेला असता.

आणि योजना घेऊनही दावा नाहक नाकारला गेला, तर माझ्यासारखे दोन महिने ईमेल लिहीत बसू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दावा नाकारल्याचं कारण लेखी मागून घ्या, फोनवर ऐकू नका.

भाचीसाठी आम्ही दहाव्या दिवशी कंपनीचं अपघाती संरक्षण घेतलं. हॉस्टेल, मेसचं टेबल, एसटीतला प्रवास आणि मैत्रिणींची गर्दी, तिच्या लॅपटॉपला धोका आहे तो यांचा. वॉरंटी वाढवायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. बहिणीने फोनमध्ये पुढच्या जुलैच्या 5 तारखेचा गजर लावून ठेवला आहे.

पुढच्या आठवड्यात : जुना लॅपटॉप ‘एक्स्चेंज’मध्ये द्यावा की स्वतः विकावा?